लेक्शिओ दिविना: बायबलचा छोटा उतारा घेऊन प्रार्थना कशी करावी

लेक्शिओ दिविना म्हणजे बायबलमधला लहानसा उतारा सावकाश वाचायचा, त्यावर मनन करायचं, त्यातूनच देवाशी बोलायचं आणि शेवटी त्याच्यासमोर गप्प बसायचं. त्यासाठी धर्मशास्त्र शिकलेलं असावं लागत नाही. सात-आठ वचनं पुरतात, अर्धा तास पुरतो. मात्र ‘आज यातून मला काहीतरी मिळालंच पाहिजे’ हा हट्ट बाजूला ठेवावा लागतो. उतारा आणि वेळ मुंबईतही जमवता येते. बहुतेकांचं अडतं ते या हट्टापाशी. म्हणून खाली पुन्हा पुन्हा त्याच्याकडे वळावं लागेल.

पद्धत फार जुनी आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियम लिहिले. त्यांच्या ४८व्या अध्यायात हातांचं काम आणि पवित्र वाचन यांच्या वेळा एकत्रच ठरवून दिल्या आहेत. उपवासकाळात प्रत्येकाला एक पुस्तक द्यावं आणि त्यानं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमानं वाचावं, असंही तिथे सांगितलंय. बाराव्या शतकात कार्थुसियन या मठवासी संघाचे दुसरे गीगो यांनी चार पायऱ्या मांडल्या: वाचन, मनन, प्रार्थना, ध्यान. वाचन घास तोंडात घालतं, मनन तो चावतं, प्रार्थनेला त्याची चव लागते आणि ध्यान म्हणजे ती गोडी, असं ते सांगतात. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ साली ‘देई व्हर्बुम’ या दस्तऐवजात सगळ्याच श्रद्धावंतांना बायबल वाचायला सांगितलं आणि वाचनाला प्रार्थनेची जोड हवी असं बजावलं. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१० साली ‘व्हर्बुम डॉमिनी’मध्ये या पायऱ्या एकेक करून समजावल्या आणि हे वाचन कृतीपर्यंत पोचल्याशिवाय पूर्ण होत नाही, असं म्हटलं. म्हणजे आता पायऱ्या पाच धरायच्या.

बसण्याआधीची तयारी

बायबल कॅथलिक आवृत्तीचं घ्या. अनुक्रमणिका उघडून पुस्तकं मोजा: जुन्या करारात ४६, नव्या करारात २७, एकूण ७३. तोबित, मक्काबी, बारूख ही नावं दिसत नसतील तर हातातली आवृत्ती ६६ पुस्तकांची आहे. शुभवर्तमानावर, म्हणजे येशूच्या जीवनाच्या वृत्तांतावर, मनन करायला तीही चालते, पण मिस्सेचं (चर्चमधल्या उपासनेचं) पहिलं वाचन कधीकधी तिच्यात सापडणार नाही. धर्मग्रामाच्या (आपल्या भागातल्या चर्चच्या) ऑफिसात किंवा वांद्र्यातल्या सेंट पॉल्स आणि पॉलिन सिस्टर्स यांच्या पुस्तकांच्या दुकानांत चौकशी करा. मुंबईत कितीतरी घरांत मिस्सा इंग्रजीतून ऐकली जाते आणि भांडण मराठीतून होतं. या वाचनासाठी भांडणाची भाषा निवडा. ज्या भाषेत राग येतो, रडू येतं, तिच्यातच देवाशी मोकळं बोलता येतं.

छापील पुस्तक असेल तर उत्तम. मोबाइलवरच वाचणार असाल तर उतारा आधी उघडून ठेवा आणि फोन फ्लाइट मोडवर टाका. नुसता सायलेंट करून भागत नाही. सोसायटीच्या ग्रुपवरचा मेसेज स्क्रीनवर चमकला की मनन तिथेच तुटतं, आणि ते पुन्हा जुळायला पाच-सात मिनिटं जातात.

वेळ ठरवताना घराचं वेळापत्रक आधी पाहा. नळाला पाणी पहाटे येत असेल तर पाण्याच्या वेळेत बसू नका. सगळा वेळ कान नळाकडे लागलेला असतो. पाणी भरून झाल्यावर, डबे भरायला घेण्याआधीचा अर्धा तास बऱ्याच घरांत सापडतो. रात्रपाळी करणाऱ्यांनी कामावरून आल्यावर, अंघोळ करून, झोपण्याआधी बसावं. जेवणानंतर लगेच बसलात तर झोप येणार, एवढं धरून चाला.

वन-रूम किचनमध्ये वेगळी खोली कुठून आणणार? कोपरा ठरवा. घरातल्या ऑल्टरसमोर एक खुर्ची, रोज तीच, पाय जमिनीवर टेकलेले, पाठ ताठ. त्या खुर्चीत बसलं की काय करायचंय हे काही आठवड्यांत शरीरालाच कळू लागतं. बाहेर रिक्षा, शेजारी मिक्सर, वर कोणाचा तरी टीव्ही चालूच राहणार. आवाज बंद होईपर्यंत थांबलात तर कधीच सुरुवात होणार नाही. घरात अगदीच शक्य नसेल तर मिस्सेच्या अर्धा तास आधी चर्चमध्ये जाऊन बसा, किंवा आराधनेचं चॅपल असेल तर तिथे.

उतारा आदल्या रात्रीच ठरवून तिथे खूण घालून ठेवा. सकाळी पानं चाळत बसलात तर दहा मिनिटं निवडण्यातच जातात. सात ते बारा वचनं, एकच प्रसंग. नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी दोन मार्ग चांगले आहेत. एक म्हणजे त्या दिवसाच्या मिस्सेचं शुभवर्तमान. ते ख्रिस्तसभेनं नेमलेलं असतं, त्यामुळे आपण सारखे आपल्या लाडक्या उताऱ्यांकडे पळू शकत नाही. दुसरा म्हणजे मार्कचं शुभवर्तमान पहिल्या अध्यायापासून क्रमानं. ते १६ अध्यायांचं, चार शुभवर्तमानांमधलं सगळ्यात छोटं आहे. वंशावळी, लेवीयमधले नियम, प्रकटीकरणातले दृष्टान्त सुरुवातीला नकोत. आणि डोळे मिटून बायबल उघडायचं, बोट पडेल ते वचन आपल्यासाठी, हा प्रकार तर नकोच. त्यात उताऱ्याचं मागचं-पुढचं तुटतं आणि देवाच्या वचनाची सोडत होते.

एक उतारा, सगळ्या पायऱ्यांसह

उदाहरणासाठी मार्क १०:४६-५२ घेऊ. आंधळ्या बार्तीमयाचा प्रसंग, सात वचनं.

आधी दोन-तीन मिनिटं नुसतं स्थिर व्हा. क्रूसाची खूण करा. पवित्र आत्म्याला थोडक्या शब्दांत बोलवा. शमुवेलाचं ‘हे परमेश्वरा, बोल, तुझा दास ऐकत आहे’ एवढंही पुरे. इथे रोझरी किंवा लांब प्रार्थना सुरू करू नका. त्यांची वेळ वेगळी ठेवा.

मग वाचन. तीन वेळा वाचायचं. पहिल्यांदा नेहमीच्या वेगानं, प्रसंग कळण्यापुरतं. दुसऱ्यांदा ओठ हलवत, स्वतःला ऐकू येईल इतपत आवाजात. डोळे सवयीनं पुढे धावतात, ओठ तेवढे धावू शकत नाहीत, म्हणून हा आवाज. तिसऱ्यांदा वाक्यावाक्याला थांबत. या पायरीवर एकच प्रश्न: इथे लिहिलंय काय? माझ्यासाठी काय आहे, हे अजून विचारायचं नाही. कोण कुठे उभा आहे, कोण बोलतो, क्रियापदं कोणती, एवढंच पाहा.

बार्तीमयाच्या उताऱ्यात असं पाहिलं की बरंच काही हाती लागतं. यरीहो सोडून निघालेल्या येशूभोवती गर्दी आहे आणि हा रस्त्याच्या कडेला बसलाय. तो ओरडतो, ‘दावीदपुत्रा, माझ्यावर दया कर.’ लोक त्याला गप्प राहा म्हणून दटावतात, तो आणखी मोठ्यानं ओरडतो. येशू थांबतो, पण स्वतः हाक मारत नाही. ‘त्याला बोलवा’ असं लोकांना सांगतो, आणि मघाशी दटावणारी गर्दीच आता त्याला ‘धीर धर, ऊठ’ म्हणते. बार्तीमय अंगावरचं वस्त्र टाकून देतो आणि उठतो. रस्त्यावर भीक मागणाऱ्याकडे वस्त्राशिवाय दुसरं काय असणार? दृष्टी अजून आलेली नाही, तरी ते त्यानं टाकलंय. येशू विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं असं तुला वाटतं? थोडं मागे, ३६व्या वचनात, अगदी हाच प्रश्न त्यानं याकोब आणि योहान या शिष्यांना विचारला होता. त्यांनी उजव्या-डाव्या हाताच्या जागा मागितल्या होत्या. हा डोळे मागतो. शेवटी येशू ‘जा’ म्हणतो, आणि हा जायचं सोडून त्याच वाटेनं येशूच्या मागे निघतो. ती वाट यरुशलेमला जाते, जिथे क्रूस आहे.

एवढं सगळं एका बैठकीत दिसलंच पाहिजे असं नाही. एखादी गोष्ट दिसली तरी पुष्कळ.

आता मनन. प्रश्न बदलतो: हे मला काय सांगतंय? वाचताना जिथे पाऊल अडखळलं तिथे थांबा. एखादा शब्द, एखादं चित्र, कधी खटकलेली गोष्ट. सगळ्यात सुंदर वचन शोधायला जाऊ नका. ज्यानं तुम्हाला धरलंय ते घ्या. समजा ‘गप्प राहा म्हणून दटावलं’ इथे मन थांबलं. ते वाक्य सावकाश पुन्हा पुन्हा म्हणा, दहा-पंधरा वेळा तरी. मग आपोआप आठवणी येऊ लागतात: कोणी मला गप्प केलं, मी कोणाला केलं, माझी कोणती हाक मीच दाबून टाकली. लूक सांगतो की येशूची आई मरिया या गोष्टी अंतःकरणात ठेवून त्यांचं मनन करत असे (लूक २:१९). ती तिथे निष्कर्ष काढताना दिसत नाही. हे ठेवणं म्हणजेच मनन. तिसऱ्या वाचनानंतरही काहीच धरत नसेल तर उताऱ्यातला येशूचा प्रश्न किंवा त्याची एखादी कृती घ्या आणि तिच्यापाशी बसा. कोरडेपणातही हे करता येतं.

मननातून प्रार्थना कधी सुरू झाली ते बऱ्याचदा कळतही नाही. खूण एवढीच: आतापर्यंत येशूबद्दल विचार चालला होता, आता आपण त्याच्याशी बोलू लागतो. साध्या भाषेत बोला. पगार पुरत नाही, मुलगा बोलत नाही, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, हे सगळं त्याच्यासमोर येऊ द्या. उताऱ्यातलेच शब्द उसने घ्या: ‘दावीदपुत्रा, माझ्यावर दया कर.’ मी तुझ्यासाठी काय करू, असं येशू विचारतोय असं धरून खरंखुरं उत्तर द्या. उत्तर सुचत नसेल तर तेही सांगा. राग आला तर रागानं बोला. १३वं स्तोत्र ‘किती काळ?’ असं विचारतच सुरू होतं आणि ८८वं काळोखातच संपतं, तरी दोन्ही बायबलमध्ये आहेत.

बोलणं ओसरलं की गप्प बसा. ही ध्यानाची पायरी, आणि इथेच सगळ्यात जास्त गैरसमज असतात. डोकं रिकामं करायचं नाही, श्वास मोजायचा नाही, काही अनुभव यावा म्हणून ताण द्यायचा नाही. कोणी आपल्याकडे पाहतंय आणि आपण त्याच्यासमोर आहोत, एवढंच. ध्यान आपण घडवत नाही, ते मिळतं. कधी मिळत नाही. मन भरकटलं की तो मननातला शब्द एकदा म्हणा आणि परत या. पाच मिनिटांत पंधरा वेळा परत यावं लागलं तर पंधरा वेळा या. ते परत येणंही प्रार्थनाच आहे.

उठण्याआधी कृती ठरवा. एकच, आजची, छोटी, आणि संध्याकाळी ‘झाली की नाही’ असं विचारता येईल अशी. ‘मी अधिक प्रेमळ होईन’ ही कृती नव्हे. ‘जो सहकारी रोज तीच तक्रार घेऊन येतो त्याचं बोलणं आज मध्येच न तोडता ऐकेन’ ही आहे. मग ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणून उठा. वहीत एक ओळ लिहा: तारीख, उतारा, धरलेला शब्द, कृती. एकच ओळ. पानभर लिहायची सवय लागली की मन प्रार्थनेत असतानाच वाक्यं जुळवू लागतं.

अर्ध्या तासाची विभागणी ढोबळपणे अशी: स्थिर व्हायला ३ मिनिटं, वाचनाला ७, मननाला ८, प्रार्थनेला ६, शांततेला ५, कृती ठरवायला १. घड्याळाकडे सारखं पाहू नका. शेवटाचा हलका अलार्म लावला की पुरे. एखाद्या दिवशी मननातच सगळा वेळ गेला तर जाऊ द्या. प्रार्थना मध्येच उसळली आणि वाचन अर्धवट राहिलं, तरी परत ओढून आणू नका. मात्र शांततेची पाच मिनिटं रोज कापली जात असतील तर समजा की घाई पुन्हा शिरली आहे.

कुठे बिघडतं

सगळ्यात मोठी अडचण धडे शोधण्याची. उतारा वाचला की लगेच ‘यावरून आपल्याला असा बोध मिळतो की’ सुरू होतं. शाळेपासूनची सवय. बोध हाती आला की मन उतारा मिटून टाकतं, कारण त्याच्या दृष्टीनं काम झालेलं असतं. त्यातून आणखी एक बिघाड जन्मतो: तो बोध दुसऱ्याला लागू करणं. ‘हे अगदी माझ्या जावेसाठीच लिहिलंय’ असं वाटलं की ओळखा, मनन थांबलं आणि प्रवचन सुरू झालं. धर्मशिक्षण घेणारे आणि प्रवचन देणारे यांना हा धोका जास्त. त्यांनी वर्गाची तयारी वेगळ्या उताऱ्यावर, वेगळ्या वेळी करावी.

अभ्यास आणि लेक्शिओ यांची सरमिसळ हा दुसरा बिघाड. तळटीप, प्रस्तावना, भाष्य हे सगळं गरजेचं आहे. संत जेरोम म्हणतात की पवित्र शास्त्राचं अज्ञान म्हणजे ख्रिस्ताचं अज्ञान. पण टीपा आदल्या रात्री वाचा किंवा नंतर. मननाच्या मध्ये यरीहो ते यरुशलेम अंतर किती हे शोधायला फोन हातात घेतलात की संपलं. उलट बाजूनं, अभ्यास अजिबातच न करणंही धोक्याचं. डोळा अडखळवत असेल तर उपटून टाक, यासारखं वचन टीप न पाहता, एकट्यानं शब्दशः घेतलं की भलतीकडे जातं. एखादं वचन सतत भीती घालत असेल, झोप उडवत असेल, तर त्याच्यावर बसणं थांबवा आणि फादरांशी बोला. फ्लॅट घ्यावा की नाही, स्थळाला हो म्हणावं की नाही, याचं उत्तर एका वचनातून काढू नका. लेक्शिओ माणसाचं मन निर्णयासाठी मोकळं करतं. निर्णय मात्र विचार करून, सल्ला घेऊनच करायचा.

झोप येत असेल तर उभं राहून वाचा, किंवा वेळ बदला. रोजच येत असेल तर झोपच कमी पडतेय. रात्री अर्धा तास आधी झोपणं हाच त्यावर उपाय.

काही आठवड्यांनी कोरडेपणा येतो. सुरुवातीची गोडी जाते आणि पद्धतच चुकतेय असं वाटून माणूस नवं पुस्तक, नवं अ‍ॅप शोधायला लागतो. त्या काळात काहीही बदलू नका. तीच वेळ, तीच खुर्ची, उतारा हवा तर आणखी छोटा.

‘आज मला हे वचन मिळालं’ म्हणून लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणं निदान दिवसभर तरी टाळा. पाठवण्यासाठी वाचायची सवय फार लवकर लागते.

अनेक जण याची संत इग्नेशियस यांच्या पद्धतीशी गल्लत करतात. त्या पद्धतीत प्रसंग डोळ्यांपुढे उभा करून, धूळ, आवाज, माणसं पाहत आपण आत शिरतो. लेक्शिओत शब्द हाताला धरून चालायचं असतं. दोन्ही चांगल्या आहेत. एका बैठकीत एकच करा.

लोकलमधलं वाचन खरं लेक्शिओ नव्हे. विरार फास्टमध्ये उभ्यानं, एका हातात हँडल धरून शांतता साधत नाही. पण सकाळचा शब्द तिथे नेता येतो. बोरिवली ते अंधेरी मनात तेवढंच वाक्य म्हणत राहा. गाडीत वाचायचंच असेल तर उद्याचा उतारा एकदा नजरेखालून घाला, म्हणजे सकाळचं पहिलं वाचन हलकं होतं.

समूहात करताना

धर्मग्रामातल्या लहान ख्रिस्ती समूहात हे करता येतं. माणसं सहा ते दहा असावीत, वेळ पाऊण तास. एकानं उतारा वाचायचा, दोन मिनिटं शांतता. दुसऱ्या आवाजात पुन्हा वाचन, मग प्रत्येकानं आपल्याला धरलेला शब्द किंवा वाक्य फक्त उच्चारायचं, स्पष्टीकरण न देता. तिसऱ्या वाचनानंतर पाच मिनिटं पूर्ण शांतता, आणि मग ज्याला बोलायचंय त्यानं ‘मला’ असं सुरू करून दोन मिनिटांत बोलायचं. ‘आपण सगळ्यांनी’ असं वाक्य सुरू झालं की प्रवचन आलंच. कोणाच्या बोलण्यावर उत्तर द्यायचं नाही, दुरुस्ती करायची नाही, सल्ला द्यायचा नाही. शेवटी प्रत्येकाची एकेका वाक्याची प्रार्थना. चालवणाऱ्याचं मुख्य काम शांतता पूर्ण वेळ टिकवणं. दुसऱ्याच मिनिटाला कोणीतरी अस्वस्थ होऊन गाणं सुरू करतं, त्याला आधीच सांगून ठेवावं. चहा नंतर, कपांचा आवाज स्वयंपाकघरातून येऊ लागला की शेवटची प्रार्थना घाईत उरकली जाते. तिथे सांगितलेली घरातली गोष्ट तिथेच राहील, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून कबूल करून घ्या. इमारती एकमेकींना चिकटलेल्या आहेत, आणि एकदा बातमी बाहेर गेली की पुढच्या वेळी कोणी मन मोकळं करत नाही.

एकट्यानं करणाऱ्यांनी पहिल्या महिन्यात एक गोष्ट जरूर करावी: एकच उतारा सलग तीन दिवस घ्यायचा. पहिल्या दिवशी प्रसंग नवा असतो, म्हणून मन त्यातच रमतं. दुसऱ्या दिवशी कंटाळा येतो, हे तर माहीत आहे असं वाटतं, आणि बहुतेक जण इथेच उतारा बदलतात. बदलू नका. ‘माहीत आहे’ म्हणणारं मन थकून बाजूला झालं की तिसऱ्या दिवशी काल नुसतं डोळ्यांखालून गेलेलं एखादं क्रियापद थांबवतं. बार्तीमयाच्या उताऱ्यात पुष्कळांच्या बाबतीत ते ‘येशू थांबला’ हे असतं. तीन दिवसांनी पुढच्या उताऱ्याकडे वळा. ज्या दिवशी बसणं चुकलं त्याची भरपाई दुसऱ्या दिवशी दोन उतारे वाचून करू नका. जिथे खूण घातली होती तिथूनच पुढे चला.